वर जाणारी सीट

सायकलची सीट आजही वर गेली होती.

दातांच्या डॉक्टरांनी चादर बाजूला केली आणि ते जागच्या जागी थिजले. काल दुपारी त्यांनी सीट आपल्या उंचीला आणून, बोल्ट पिळून, दोनदा हलवून पाहिली होती. आता ती चांगली वीतभर वर होती. खाली आली असती तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. वजनानं सीट घसरते, आणि डॉक्टरांच्या वजनाबद्दल त्यांचा पट्टाही तक्रार करू लागला होता. पण वर कोण नेणार? एवढ्या उंच सीटवर एकच माणूस बसायचा, तो म्हणजे मामा. आणि मामांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

जाड टायरची, डोंगरात फिरवायची ही सायकल मामांचीच. मामा गेल्यावर मामींनी ती मागच्या खोलीत उभी केली आणि पुढची खोली भाच्याला दवाखान्यासाठी दिली. अट एकच होती. "सायकलला हात लावायचा नाही. लावलास तर ती दात काढायची खुर्ची उचलायची आणि चालू पडायचं."

मामी एकदा बोलल्या की बोलल्या. पण दुपारी त्या वाचनालयात गेल्या की समोरची टेकडी डॉक्टरांना खुणावायची. पहिल्या दिवशी त्यांनी सीट खाली केली, चक्कर मारली आणि आल्यावर पुन्हा वर करून ठेवायला गेले. बोल्ट भलताच हलका निघाला. षटकोनी चावी फिरवावी तसे त्याच्या डोक्यातल्या खाचेचे कोपरे झिजायला लागले. उगाच कशाला छळा, चादरीखाली कोण बघतंय, असं म्हणून त्यांनी सीट तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी ती वर होती. तेव्हापासून रोज हेच.

हे काम मामींचं नव्हे, याबद्दल त्यांची खात्री होती. मामींनी खाली आलेली सीट पाहिली असती, तर दवाखाना एव्हाना रस्त्यावर असता.

खोलीत तेलाचा जुना वास होता. चादर सरकवताना धक्का लागला असावा, मागचं चाक टिक-टिक करत फिरत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. डॉक्टरांनी घाम पुसून चावी बोल्टात घातली आणि जोर लावला. बोल्ट असा किंचाळला, की पुढच्या खोलीत गाल बधिर होण्याची वाट पाहत बसलेले पोस्टमास्तर दारात येऊन उभे राहिले.

"डॉक्टर, आत कोण ओरडतंय?"

"कोणी नाही. बोल्ट आहे. तुम्ही बसा, तुमचाच नंबर आहे."

पोस्टमास्तर बसले. चावी आता बोल्टात नुसतीच गरगर फिरू लागली, पकड म्हणून उरली नाही. सीट मामांच्या उंचीवर अडकली ती अडकलीच. पण बोल्टाचं असं चेपलेलं डोकं मामींनी पाहिलं असतं तर संपलंच; त्या यायच्या आत तो कापून काढायला हवा होता. डॉक्टर धावत बाहेर आले, दात कोरायचं मशीन घेतलं आणि पुन्हा आत पळाले. मागून जो आवाज आला, तो ऐकून पोस्टमास्तरांचा दात दुखायचाच थांबला. ते तोंडातल्या कापसासकट बाहेर पळाले, ते थेट कोपऱ्यावर मामींना जाऊन धडकले.

"लवकर जा! तुमच्या मागच्या खोलीत कुणाचा तरी जीव जातोय!"

मामी दारात आल्या तेव्हा चादर जमिनीवर होती आणि डॉक्टरांच्या मिशीवर लोखंडाचा चुरा चमकत होता.

"मामी, अट मोडली मी. घालवून द्या हवं तर. पण ही सीट... मी खाली करतो आणि ती रोज आपली आपण वर जाते हो! मला वाटतं, मामा..."

मामी मटकन स्टुलावर बसल्या. "वर मी करते."

"तुम्ही?"

"सकाळी झाडलोट करताना. बोल्ट पहिल्यापासून असाच हलका. हे बसले की सीट खाली यायची. मग रोज म्हणायचे, वर करून दे गं. हे गेल्यावरही ती खाली यायला लागली. मला वाटलं..." त्या थांबल्या. "म्हणजे तो तू होतास."

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. मामींनी खुर्ची रस्त्यावर फेकली असती तर बरं, असं त्यांना झालं. दवाखाना गेला तरी चालेल, पण मामींचा चेहरा असा पडलेला त्यांना बघवेना. ते चक्क खोटं बोलले.

"रोज कुठे, मामी? मी जेमतेम दोनदा-तीनदा बसलो असेन."

मामींनी झटकन मान वर केली. "तेच म्हणते मी! तू आठवडाभर सासुरवाडीला गेला होतास ना, तेव्हासुद्धा सीट रोज खालीच होती."

डॉक्टरांच्या हातातलं मशीन गळून पडलं.  

"मी... मी नवा बोल्ट आणतो. चांगला, पक्का."

"आण. तू खराब केलास, तूच आण," मामी चादर झटकत म्हणाल्या. "पण असाच हलका आण. पक्का बसला तर हे येऊन गेले, ते मला कळायचं कसं?"