नुकसान जैसे थे

शारजाच्या अल नहदा भागातल्या एका इमारतीत, पाचव्या मजल्यावर, २००२ सालच्या ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता श्री. दत्तप्रसाद यांच्या हॉलचं छत गळू लागलं. वरून आलेलं पाणी सोफा, गालिचा आणि शोकेस यांच्यावर कोणताही भेदभाव न करता पडलं. बारा वाजेपर्यंत वॉचमननं वरच्या फ्लॅटचा फुटलेला पाइप बंद केला आणि प्रसंग संपला. साधा माणूस असता तर त्यानं फडकं हातात घेतलं असतं. पण दत्तप्रसाद एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागदन् कागद नोंदवून ठेवणारे, होते, आणि घरातल्या सामानाचा त्यांनी विमा उतरवला होता.

त्यांची बायको प्रमिला ओढणी कमरेला खोचून, बादली घेऊन उभीच होती. तिला घाई होती. वीस डिसेंबरला तिचे आईबाबा पुण्याहून यायचे होते. लग्नाला तेरा वर्षं झाली, तरी लेकीचं घर त्यांनी फोटोतच पाहिलेलं. एका बेडरूमच्या फ्लॅटात त्यांची पथारी पडणार कुठे, तर याच हॉलमध्ये.

"थांब!" दत्तप्रसाद ओरडले. "ते पाणी नाहीये, पुरावा आहे तो."

नुकसान तपासायला येणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर कंपनीचीच री ओढणार, तेव्हा आपल्या बाजूनं भांडणारा एक माणूस हवाच, असं दुसऱ्या दिवशी ऑफिसात सर्वानुमते ठरलं. त्यानुसार संध्याकाळी क्लेम कन्सल्टंट इद्रीसभाई हजर झाले. मूळचे रत्नागिरीचे, हातात ब्रीफकेस, फी क्लेमच्या दहा टक्के. त्यांनी सोफा दाबला, बोटाला लागलेलं पाणी निरखलं आणि समाधानानं मान हलवली.

"कशालाही हात लावू नका भाभी. सर्व्हेअर बघेपर्यंत सगळं जैसे थे. आठ हजार दिरहम कुठे जात नाहीत."

"आठ हजार! म्हणजे एक लाख चार हजार रुपये!" दत्तप्रसाद मोठ्यानं म्हणाले.

"आणि हा सर्व्हेअर येणार कधी?" प्रमिलानं विचारलं.

"सात वर्किंग डेज. इन्शाल्ला."

सात दिवसांनी कळलं की सर्व्हेअर रजेवर गेलाय. तो परतला तोवर रमजान लागला आणि ऑफिसं दुपारी दोनला मिटू लागली. सर्व्हेअरबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण तो सर्वांनाच सारखा भेटत नव्हता. अडचण वेगळीच होती. वाळवंटातल्या हवेनं आपलं काम चोख बजावलं आणि नुकसान बरं होऊ लागलं. सोफा वाळला. गालिच्यावरचा डाग फिका पडला.

इद्रीसभाईंनी कपाळाला हात लावला. "दत्तासाहेब, हे काय? असा सोफा बघून कोण पैसे देणार? नुकसान सांभाळायला नको? मी काही खोटं करायला सांगत नाही. फक्त पहिल्या दिवशी होतं तसं ठेवा."

दत्तप्रसादांना हे शंभर टक्के पटलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला सोफ्यावर दोन मग, गालिच्यावर अर्धी बादली आणि शोकेसवर कुंडीच्या फवाऱ्यानं हलकासा शिडकावा सुरू झाला. वेळ, पाण्याचं प्रमाण आणि सही यांसाठी त्यांनी ऑफिसच्या पद्धतीनं रजिस्टर घातलं. पाळ्याही लावल्या.

"पपा, इट्स युवर टर्न टु वॉटर द सोफा," दहा वर्षांचा अथर्व आठवण करून द्यायचा.

वॉचमन रंगाचा डबा घेऊन छत रंगवायला आला, त्याला लेखी हरकत देऊन परत पाठवण्यात आलं. भिंतीवर बुरशी धरली तेव्हा इद्रीसभाई "माशाल्ला!" म्हणाले. पाहुणे आले की बेडरूममध्ये पलंगावर बसवून चहा, आणि जाताना हॉलचं दारातूनच दर्शन. चपला घालून आत जायला सक्त मनाई होती.

डिसेंबर उजाडला. नॅशनल डे झाला, ईद झाली. पुण्याहून फोन आला. "बाबा, तिकीट अजून कन्फर्म करू नका," एवढं बोलून प्रमिलानं फोन ठेवला आणि ती ढसाढसा रडली. "तेरा वर्षांनी येतायत हो ती दोघं! सत्तरीची माणसं. त्यांना काय बुरशीवर झोपवू?"

"अगं, एवढी मेहनत घेतलीय आपण," दत्तप्रसाद म्हणाले. नुकसानावर त्यांचा जीव जडला होता.

सतरा तारखेला सर्व्हेअर आला. हॉलभर फिरला. दत्तप्रसादांनी अभिमानानं रजिस्टर पुढे केलं. त्यानं ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

"बहुत अच्छा रेकॉर्ड है," तो म्हणाला. "लेकिन पॉलिसी अचानक हुए नुकसान की है. आपका तो रेग्युलर है. रोज सुबह छह बजे. खलास."

इद्रीसभाईंनी ब्रीफकेस मिटली. दहा टक्के कशाचे घ्यायचे हा प्रश्नच उरला नव्हता.

दार लागलं तशी प्रमिला उठली. सोफा बाल्कनीत ढकलला, गालिचा गुंडाळून वॉचमनला दिला, फरशी फिनाइलनं तीनदा पुसली, भिंत घासली. सगळ्याला दोन तास लागले. मग तिनं पुण्याला फोन लावला. "बाबा, या. वीसलाच या."

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे अलीमियाँ, चेहरा पडलेला.

"दत्ताभाऊ, कालपासून आमचं छत गळायचं थांबलंय हो. सर्व्हेअर गुरुवारी येतोय. इद्रीसभाईंनी सांगितलंय, तोवर जैसे थे पाहिजे. जरा दोन-तीन बादल्या टाकाल का? शेजारधर्म म्हणून."

दत्तप्रसादांचा हात सवयीनं बादलीकडे गेला. प्रमिलानं तो वरच्यावर धरला आणि अलीमियाँच्या हातात कोरडं फडकं दिलं. "घ्या भाईजान. सर्व्हेअरची वाट नका बघू. यल्ला, चला!"

अलीमियाँनी फडकं नीट घडी करून खिशात ठेवलं आणि ते आणखी वर, सहाव्या मजल्यावर पाणी मागायला गेले.

आपण हसलात, चांगलं झालं. आता एकदा स्वतःच्या घरात नजर फिरवा. एखादी वस्तू, एखादी खोली, एखादं भांडण असेलच, कुणीतरी येऊन बघेपर्यंत तसंच ठेवलेलं. कोण येणार होतं, तेवढं फक्त आठवून बघा.