बॅटरीखोलीतले माणिकअण्णा

माणिकअण्णा कुणालाही "कसं हाय?" असं विचारत नाहीत. भेटले की चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "काल पावणेतीनला तुमच्याकडं काय लागलं होतं?"

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चरकलोच. काल पावणेतीनला मी शर्टाला इस्त्री करत होतो. आई नारायणगडाला गेलेली, घरात दुसरं कुणी नाही, खिडक्यासुद्धा बंद.

"इस्त्री," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," म्हणून ते चालू लागले.

आमचं गाव गेवराईच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत. गल्लीत तेरा घरं. प्रत्येकाच्या छतावर सोलरच्या प्लेटा आहेत आणि सगळ्यांत मिळून एकच मोठी बॅटरी. दिवसा सगळी छतं तिच्यात वीज भरतात, लाइट गेली की ती सगळ्यांना पुरवते. तिच्यासाठी जनावरांच्या जुन्या दवाखान्याची रिकामी खोली मिळाली. भिंतीवर गाईच्या पोटाचं एक फिकट चित्र अजून लटकतंय. त्याखाली दोन कपाटांएवढी बॅटरी आणि शेजारी तेरा लहान पडदे, एका घराला एक. त्या घरात या घडीला किती वीज चाललीय, तो आकडा हिरव्या अक्षरांत दिसतो.

अण्णांनी वायरमन म्हणून उभी हयात खांबांवर काढली. आता गल्लीच्या टोकाच्या घरात एकटेच राहतात. म्हणून देखभाल त्यांच्याकडं दिली. देखभाल म्हणजे आठवड्यातून एकदा धूळ झटकायची, अशी आमची समजूत. अण्णांनी तिथं लोखंडी खुर्ची टाकली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसायला सुरुवात केली.

महिन्याभरात त्यांना आकड्यांवरून घरं पाठ झाली. कुणाचा फ्रीज म्हातारा झालाय, कुणाच्या पंख्याचं बेरिंग गेलंय, सगळं ते बसल्या जागी सांगायचे. एका एकादशीला समोरच्या सुलभाकाकूंना त्यांनी भर रस्त्यात थांबवलं.

"काकू, निर्जळी म्हणता, आन साडेअकराला मिक्सर कावून फिरला?"

काकूंनी महिनाभर अबोला धरला.

सुरुवातीला आम्ही हसलो. मग हळूहळू हसणं कमी झालं. दिवा लावताना माणसं बटणाकडं बघून थांबायला लागली. अण्णांनी बॅटरीत काहीतरी कोंडून ठेवलंय, तेच त्यांना खबरा देतं, असं बायका बोलू लागल्या. त्या खोलीच्या पायरीवर शेळ्यासुद्धा बसत नाहीत, असा पुरावाही निघाला. शेळ्यांना अण्णाच हुसकावत, पण ते कुणी लक्षात घेतलं नाही.

मी शिक्षक माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण चैत्रातल्या एका सुट्टीच्या दिवशी, भर बारा वाजता, मी त्या खोलीवरून चाललो होतो. उन्हानं गल्ली ओस पडली होती. कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. आतून बॅटरीची घुमघुम ऐकू येत होती, आणि त्या आवाजाखाली कुणीतरी पुटपुटत होतं.

"उठली... सैपाकघरात गेली... आली... आता बसली."

मी दारातून डोकावलो. आत अंधार. अण्णा एक हात बॅटरीवर ठेवून, मान पुढं काढून बसलेले. तोंडावर हिरवा उजेड.

"कोण बसली, अण्णा?"

त्यांनी वळूनही बघितलं नाही. "तुमची आई."

मी तसाच घरी पळालो. आई मधल्या खोलीत पंख्याखाली बसून ताक पीत होती.

"आतल्या खोलीतून आत्ताच उठून आले बघ," ती म्हणाली. "काय रं, तोंड असं कावून झालंय?"

आतल्या खोलीतला पंखा बंद झाला, स्वयंपाकघरातला दिवा लागला आणि विझला, मधला पंखा सुरू झाला. एवढंच होतं ते. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण भीती काही गेली नाही. उलट रागच आला. माझ्या आईवर पाळत ठेवणारा हा कोण?

रविवारी मारुतीच्या पारावर बैठक बसली. खोलीला कुलूप लावायचं, किल्ली गल्लीत पाळीपाळीनं ठेवायची, अण्णांनी आत जायचं नाही, असं ठरलं. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

अण्णांनी ऐकून घेतलं. "लावा कुलूप," ते म्हणाले. "फकस्त आकडे कुनीतरी बघत ऱ्हावा."

कुलूप आणायचं राहून गेलं. गुरुवारी अकराच्या सुमारास मी वर्गात असताना फोन वाजला.

"सर, मोटर बंद झाली न्हाई."

"कसली मोटर?"

"तुमच्या घरची. आक्का धाला मोटर लावत्यात, पाव तासात टाकी भरती, बंद करत्यात. आज तास झाला. पानी सांडनारी बाई न्हाई ती." मागं धापा ऐकू येत होत्या. "आंगनाचं दार आतून लावलंय, हाका मारल्या. मी भिंतीवरून उतरतोय. तुमी या."

मी मोटारसायकल कशी चालवली ते आठवत नाही. घराच्या भिंतीवरून टाकीचं पाणी वाहत होतं. दार अण्णांनी आतून उघडून ठेवलं होतं. ओल्या अंगणात आई आडवी पडलेली, पाय वेडावाकडा. तिला हलवायचं नाही हे त्यांना कळलं असावं. सत्तरीला आलेले अण्णा उघड्या अंगानं, भिजवलेला स्वतःचा सदरा दोन्ही हातांनी तिच्यावर छतासारखा धरून उन्हात उभे होते. गुडघा फुटून रक्त येत होतं.

"बोलत ऱ्हा, आक्का," ते म्हणत होते. "झोपायचं न्हाई. काल कालवन काय केलतं, सांगा."

"शेपू," आई म्हणाली.

बीडला नेलं, तिथून अंबाजोगाईला. खुब्याचं ऑपरेशन झालं. अजून तासभर त्या उन्हात राहिली असती तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर अण्णा माझ्याशेजारी बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच बोलू लागले.

"माझा थोरला भाऊ गेवराईत एकटा ऱ्हायचा. एकदा त्याच्याच गल्लीत खांबावर चढलतो. वरून त्याची खिडकी दिसायची. भर उन्हाची ट्यूब चालू. मनात म्हनलं, येडाच हाय हा, दिवसा लाइट जाळतोय. काम लई होतं. गेलो न्हाई." त्यांनी गुडघ्यावरची पट्टी चाचपली. "दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी दार तोडलं. डॉक्टर म्हनला, तुमी खांबावर होता तवा जीव होता त्याच्यात."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढं धरली.

"सर," घोट घेऊन ते म्हणाले, "बारा घरं मी बघतो. माझ्या घरी मी सकाळी सहाला चहाला दिवा लावतो. तेवढा तुमी बघत जावा."

कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही. मी खोलीत एक खुर्ची नेऊन टाकली. रोज फिरायला निघालो की सहाच्या आधी तिथं जाऊन बसतो. शेवटच्या, अण्णांच्या घराच्या पडद्यावर शून्य असतं. सहाला दिवा लागतो, शून्याचे नऊ होतात. अण्णा उठलेले असतात. मी घरी जातो.

गेल्या पंधरवड्यात एका सकाळी सहा वाजले आणि शून्य तसंच राहिलं. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. बॅटरी घुमत होती. मग मी उठून पळालो. एक चप्पल वाटेतच राहिली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार. अण्णा बाजेवर ताठ बसलेले, नजर दारावर.

"अण्णा!"

"सात मिनटं लागली, सर," ते म्हणाले.

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. पण हसायला गेले ते हसू त्यांना नीट जमलं नाही. "खरंच येता का, ते बघत होतो," म्हणाले आणि पाठ फिरवून चुलीवर दोघांच्या चहाचं आधण ठेवू लागले. दिवा मीच लावला.