आईपेक्षा वयाने मोठा

उज्ज्वला रासने यांना झालेला कॅन्सर त्यांच्यापेक्षा वयाने मोठा आहे, असं विमा कंपनीने लेखी कळवलं, आणि त्याच दिवशी त्यांच्या मुलीला, शलाकाला, घरातून सांगण्यात आलं की यापुढे त्याच्याबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत. वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारत नाहीत, हा रासन्यांच्या घरातला नियम होता. आजवर तो अण्णांना लागू होता. आता कॅन्सरलाही लागू झाला.

आजार पॉलिसी घेण्याआधीपासून होता, एवढंच म्हणून कंपनी थांबली असती तर त्यात विशेष काही नव्हतं. पण कंपनी कसून काम करणारी होती. तपासाअंती तिला असं आढळलं की हा आजार उज्ज्वलाबाईंच्या जन्माआधीपासून, इतकंच काय, घरातले थोरले असलेल्या अण्णांच्याही जन्माआधीपासून रासने कुटुंबात राहतो आहे. सबब तो आजार नसून कुटुंबातला ज्येष्ठ सदस्य ठरतो. आजार घालवायला कंपनी खर्च देते. घरातलं वडीलधारं माणूस घालवायला देत नाही.

अण्णा म्हणजे शलाकाचे थोरले काका. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"भाषा सभ्य आहे," ते म्हणाले. मग ते आपल्या खुर्चीतून उठले.

खिडकीजवळची ती सागवानी खुर्ची अण्णांची होती. लहानपणी एकदा शलाका तिच्यात बसली होती, तेव्हा तिला कान धरून उठवण्यात आलं होतं.

"अण्णा, तुम्ही कशाला उठताय?"

"घरात माझ्यापेक्षा मोठं कुणी असताना मी खुर्चीत बसू? तुला उठवलं होतं ना मी? मग मलाही उठता आलं पाहिजे." आणि ते भिंतीला टेकून सतरंजीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर त्याग केल्याचं समाधान होतं. शलाकाला त्या समाधानाचा फार राग आला.

इकडे हॉस्पिटलने आईची पुढची केमो थांबवली होती. काउंटरवरची मुलगी गोड बोलत होती. कंपनीची मंजुरी आली की लगेच लावू, म्हणत होती. डॉक्टर मात्र गोड बोलले नाहीत. फार लांबवू नका, एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरात पहिलं ताट खुर्चीसमोर जाऊ लागलं. ते माई वाढायच्या. माई म्हणजे अण्णांच्या पत्नी. आईचं तोंड सगळं सोलवटलेलं. मऊ भात आणि ताक, याच्यापलीकडे काही घशाखाली उतरत नव्हतं. पण तो भातही आधी खुर्चीला जायचा, कारण सासरच्या वडीलधाऱ्यांच्या आधी सुनेने जेवायचं नसतं. आई स्वयंपाकघराच्या दाराशी, डोक्याचा रुमाल सावरत, वाट बघत बसायची. तिच्या वाट्याला भात यायचा तोवर तो गार होऊन घट्ट झालेला असायचा.

खुर्ची व्यवस्थित जेवत होती. भरलेलं ताट जायचं आणि चाटूनपुसून परत यायचं.

"भूक चांगली आहे त्यांची," माई कौतुकाने म्हणाल्या.

खुर्चीच्या गादीला मधोमध खड्डा पडला होता आणि तो वाढत होता. आईच्या हातातल्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरत होत्या. या दोन गोष्टी एकाच खोलीत घडत होत्या आणि त्या एकत्र बघणारी फक्त शलाका होती.

ती मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर होती, आणि आपोआप काही उगवतं यावर तिचा विश्वास नव्हता. कंपनीच्या कानावर हे कुणीतरी घातलं होतं. कुणी? पहिला संशय माईंवर. उज्ज्वला पहिल्यापासूनच नाजूक, हे त्यांनी दर हळदीकुंकवाला सांगितलेलं होतं. पण कंपनीचा माणूस चौकशीला येऊन गेला तेव्हा माई बाहेरच आल्या नव्हत्या. दुसरा संशय बाबांवर.

"मी काही बोललो नाही गं," बाबा म्हणाले. "मी कधी बोलतो का?"

हे खरं होतं. शलाकाने त्यांना संशयितांतून वगळलं. तो काही त्यांचा गौरव नव्हता.

मग एका दुपारी, जेवणं व्हायची होती तेव्हा, कंपनीचे खांडके आले. सडपातळ, अदबशीर गृहस्थ. खांद्याला डब्याची पिशवी. आल्या आल्या त्यांनी खुर्चीला वाकून नमस्कार केला.

"कसं काय? बरं आहे ना?" त्यांनी खुर्चीला विचारलं. उत्तराला लागेल तेवढा वेळ ते थांबले आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. आईला त्यांनी काहीच विचारलं नाही.

"पेशंट इकडे आहे," शलाका म्हणाली.

"हो हो. त्यांनाही नमस्कार सांगा," खांडके म्हणाले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या तांब्याच्या बंबाकडे गेली. "काय लखलखतोय! मागच्या खेपेलाही माझा पाय निघत नव्हता इथून. साहेब तेव्हा किती छान बोलले होते."

"काय बोलले होते?" शलाकाने विचारलं.

अण्णांची मान ताठ झाली. "मी म्हणालो, रासन्यांच्या घरात नवीन काही नाही. जे आहे ते पूर्वापार."

"मी विचारलं, सगळंच?" खांडके म्हणाले.

"मी म्हणालो, सगळंच. आमच्या आजोबांच्या..." इथे अण्णांचा आवाज जरा खाली आला. "आमच्या आजोबांच्याही आधीपासूनचं."

"तेच लिहिलं मी," खांडके म्हणाले. "शब्द न् शब्द."

स्वयंपाकघराच्या दाराशी आईने रुमालाची गाठ पुन्हा बांधली.

"आई आत उलट्या करत होती," शलाका म्हणाली, "आणि तुम्ही बाहेर बंबाची वंशावळ सांगत होतात?"

"पाहुण्याने कौतुक केलं तर माणूस काय म्हणणार? काल बाजारातून आणला म्हणू?" अण्णा म्हणाले. "आणि आवाज खाली. कोण बसलंय समोर याचं भान ठेव."

खांडक्यांनी घसा साफ केला. आज फक्त एक छोटा उपचार बाकी होता, ते म्हणाले. कुटुंबातल्या सर्वांनी त्यांच्यासमक्ष ज्येष्ठांच्या पाया पडायचं. की फाइल सन्मानाने बंद.

"बंद म्हणजे मंजूर?" बाबांनी विचारलं. ते बोलले म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले, तशी त्यांनी मान खाली घातली.

"बंद," खांडके म्हणाले.

"होईल रे सगळं नीट," अण्णा म्हणाले. "मोठ्या माणसाला मान दिला की तो आपणहून समजून घेतो."

"तुम्हाला आम्ही जन्मभर मान दिला," शलाका म्हणाली. "तुम्ही काय समजून घेतलंत?"

"शलाका!" माई ओरडल्या. त्यांच्या हातात खुर्चीचं ताट होतं. वाफाळता भात, ताकाची वाटी. ते खुर्चीसमोरच्या पाटावर ठेवून त्या तिथेच वाकणार होत्या. त्यांच्या आधी अण्णा वाकले, कारण क्रम चुकून चालणार नव्हता. वाकताना त्यांच्या गुडघ्यांचा आवाज झाला. मग माई, मग बाबा. बाबांनी डोकं टेकलं आणि ते नेहमीपेक्षा जास्त वेळ तसेच राहिले.

खांडके प्रत्येकाच्या नावापुढे खूण करत होते.

मग आई भिंत धरून उठली. "पटकन करून टाकते," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनीही केला ना नमस्कार."

"थांब," शलाका म्हणाली. तिच्या डोक्यात काहीतरी अडकलं होतं. खांडक्यांचं पेन तिच्या नावावर आधीच येऊन थांबलं होतं. "खांडकेसाहेब, थोरल्यांनी नमस्कार केला. तो सगळ्या घराचा झाला. मग माझा कशाला हवाय?"

"पद्धत आहे."

"कुणाची?"

"ताई, असं विचारत नाहीत."

"मला ठाऊक आहे विचारत नाहीत ते. मी विचारतेय."

खांडक्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "ज्येष्ठपण एकमताने असावं लागतं," शेवटी ते म्हणाले. "घरातल्या प्रत्येकाने मानलं, तरच ते ज्येष्ठ."

"आणि एकीनेच मानलं नाही तर?"

"असं कुणी करत नाही. आजवर कुठल्याच घरात..."

"केलं तर?"

खांडक्यांनी खुर्चीकडे असं पाहिलं, जणू परवानगी मागत आहेत. "मग ते ज्येष्ठ राहत नाहीत. मग तो नुसता आजार."

"आणि आजाराला मंजुरी मिळते."

"आजाराला..." त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "द्यावी लागते."

"पोरी, पाया पड," माई म्हणाल्या. "परक्या माणसासमोर शोभा होतेय."

"एवढंच तर आहे गं," बाबा म्हणाले. "कर आणि मोकळी हो."

"या घरात," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्या खुर्चीत बसत असतानाचा होता, "मोठ्यांना उलट बोलायची रीत नाही."

शलाका पुढे झाली. अण्णांना वाटलं ती वाकतेय. ती वाकलीच, पण ताट उचलायला. ते तिने दाराशी नेलं आणि आईला खाली बसवून तिच्या मांडीवर ठेवलं.

"जेव. गरम आहे तोवर."

मग ती वळली आणि खुर्चीसमोर उभी राहिली. जन्मात कुणा मोठ्या माणसाशी ती बोलली नव्हती, तसं बोलली.

"मी तुझ्या पाया पडणार नाही. तू माझा कुणी नाहीस. ऊठ अण्णांच्या खुर्चीतून."

खांडक्यांनी 'ज्येष्ठ सदस्य' असलेली ओळ खोडली आणि तिच्यावर एकच शब्द लिहिला, 'आजार'. मग कागद पिशवीत, डब्याशेजारी, नीट ठेवला.

गादीतला खड्डा हळूहळू वर आला. तेवढ्यापुरतं खुर्चीचं लाकूड करकरलं. वयस्कर माणूस हातावर भार देऊन उठताना करकरतं तसंच.

माई जमिनीकडे बघत राहिल्या. खुर्ची रिकामी झाली होती, पण बस असं अण्णांना कुणी म्हणालं नाही, आणि ते आपणहून बसले नाहीत. आईने ताकात भात कालवला, पहिला घास घेतला, जरा थांबली, मग दुसरा घेतला. घरात तेवढाच आवाज होता.