बाईसाहेबांच्या उसळपटाची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस दंडवत घालोन, ऐकणाराचे पायीं बळ राहो ऐसें चिंतून लिहितों. शके सोळाशें बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरे, एके राज्यीं भीवराबाईसाहेब गादीवर असतां भाद्रपदमासीं मेण्यांतून पडल्या, आणि हाड सांधलें परंतु तीन मास अंथरुणीं राहोन पायांचें बळ गेलें, चार पावलें टाकितां गुडघे लटपटों लागले. त्या राज्यीं रिवाज ऐसा कीं, वर्षप्रतिपदेस धन्यानें आपले पायीं बुरुजाच्या शंभर पायऱ्या चढोन गुढी उभारावी, न चढवे त्यानें गादी सोडावी. आणि दीर हैबतराव मिशांस पीळ भरोन बोलिले, "वहिनीसाहेब, आतां देवपूजा करावी. राज्याची दगदग आम्ही सोसूं." बाईसाहेब वरवर हांसल्या, परंतु जिवास फार लागलें.

मग गंगोपंत वैद्य पिंजाऱ्याचे दारीं उभे असतां, पिंजणाच्या ताणल्या तातीवरून कापूस उडतो आणि अलगद खालीं येतो हें पाहोन त्यांचें डोकें चाललें, आणि पिंजाऱ्याकरवीं लोखंडी कड्यांत ताती ताणोन वर घट्ट जाळें विणविलें, त्यास उसळपट म्हणों लागले. वैद्य बोलिले, "बाईसाहेब, भुई गुडघ्यांस धक्का देते, हा पट धक्का आपणच गिळतो. आधीं बसोन उसळावें, मग उभें राहोन, बटकीचा हात धरोन. पोटऱ्या भरतील, तोल येईल, दम वाढेल, झोंपही लागेल."

सदर बंद ठेवणें नाहीं, सबब उसळपट सदरेवरच मांडिला. आणि काय सांगावें मौज! धनी उठले कीं सर्वांनीं ताजीम देऊन उठावें, बसले कीं बसावें, ऐसा दरबारचा कायदा. बाईसाहेब उसळल्या तों वृद्ध दिवाण दादो मल्हार यांनीं निवाडा केला, "बैठक सुटली म्हणजे उठणेंच जाहलें." मग त्या वर जात तों दिवाण, चिटणीस, पोतनीस अवघे उठत, आणि त्या खालीं येत तों अवघे बसत. हैबतराव "हा पोरखेळ!" म्हणोन रुसोन गेले, ते सदरेस फिरकले नाहींत.

चहूं मासांत दिवाणजींचें पोट उतरलें, चिटणिसांची कंबर मोकळी जाहली. आणि बाईसाहेब उभ्यानें उसळों लागल्या, तेव्हां वर गेल्या क्षणीं देहास वजनच नाहीं ऐसें वाटे, आणि तटापलीकडे धुक्यांतली नदी दिसे, नदीपलीकडे माहेरचें जांभूळबन दिसे, आणि खालीं येतां तें मिटे, पुन्हा वर जातां उघडे. डोळे भरोन येत. पडल्याचें भय कधीं गेलें, त्यांस कळलें नाहीं.

मग प्रतिपदा आली. बाईसाहेब पुढें, मागें दरबार, कोणास धाप नाहीं. हैबतराव मात्र सत्तराव्या पायरीस घामाघूम होऊन मटकन बसले. धनी उभे असतां बसणें म्हणजे मोठी बेअदबी, जो तो बाईसाहेबांकडे पाहों लागला. बाईसाहेब मागें वळल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि दिराचे शेजारीं बसल्या. तत्क्षणीं अवघा दरबार पायऱ्यांवर बसला. वारा मंद होता, नदी चकाकत होती.

"वहिनीसाहेब, हें काय?"

"दम घ्या, भावोजी. घाई नाहीं."

मग त्या उठल्या, अवघे उठले, आणि हैबतराव त्यांचा हात धरोन उठले, तो हात गुढी उभारेपर्यंत सोडिला नाहीं.

दुसरे दिवशीं सूर्योदयीं हैबतराव सदरेवर सर्वांआधीं हजर होते. ऐसी ही हकीकत, जैसी ऐकिली तैसी लिहिली, वाचणाराचे गुडघे सलामत असोत.