अण्णांचं उठणं

'सरकार' हा शब्द कानावर पडला की आमचे अण्णा उठून उभे राहत. कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, याची चौकशी नाही. न्हाव्यापुढे अर्धी हजामत झालेली असो, शब्द आला की अण्णा उभे. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढपी शेजारच्याला लाडानं म्हणाला, "घ्या सरकार, श्रीखंड घ्या!" आणि अण्णा पानावरून उठले. उठलेल्या पानावर पुन्हा बसायचं नसतं. ते उपाशीच घरी गेले.

बरं, देवासात सरकार एक असतं तरी निभावलं असतं. गाव एक, रस्ता एक आणि संस्थानं दोन! रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी पाती, आणि दोन्हींच्या डोक्यावर इंग्रज. अण्णांनी त्याप्रमाणे उठण्याचेही तीन प्रकार ठरवले होते. धाकट्या सरकारांसाठी नुसतं बूड उचलायचं, थोरल्यांसाठी ताठ उभं राहायचं आणि इंग्रजांसाठी पगडी घालून उभं राहायचं. त्यामुळे पगडी सदैव हाताशी लागे. "उठलेलं बरं," ते म्हणत. "उठल्यानं कुणाचं वाईट झालेलं मी तरी ऐकलं नाही."

अण्णा माझे शेजारी. थोरल्या पातीच्या दफ्तरात चाळीस वर्षं कागद लावून घरी बसलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मी शाळामास्तर. मुंबईला शिकून नुकताच परतलो होतो, आणि येताना चार मार्क्सवादी पुस्तकं आणि चारशे पुस्तकांची घमेंड घेऊन आलो होतो. मी एक वही लिहायला घेतली : 'राजनिष्ठ समाजाची मीमांसा.' सरदारांमागून माळव्यात आलेली आमची मराठी घरं. तलवारी गेल्या, लेखण्या राहिल्या. ही निष्ठा मनात उगवत नाही, भाकरीत उगवते. मधे बसलेला हा कारकुनांचा वर्ग वरच्याचं जू खालच्याच्या मानेवर ठेवतो आणि त्याला स्वामिभक्ती म्हणतो, असं माझं म्हणणं. इतका अस्सल नमुना भिंतीपलीकडे फुकट मिळाल्यावर कोण सोडतो? चौथं प्रकरण सबंध अण्णांवर होतं, आणि त्यात मी त्यांची यथेच्छ चेष्टा केली होती.

मग इंदूरचा माझा एक मित्र राजद्रोहाखाली पकडला गेला. त्याच्याकडे माझी पत्रं होती.

मास्तरांच्या घरांच्या झडत्या होणार, अशी कुजबुज गावात सुरू झाली. थोरल्या पातीनं हद्दपार केलं तर माणसानं रस्ता ओलांडून धाकट्या पातीत बिऱ्हाड करावं, हा आमच्या गावचा जुना विनोद. पण हा मामला इंग्रजांचा होता. वही सापडली तर तुरुंग ठरलेला. मी भ्यालो, अगदी मनापासून भ्यालो. वर्गात फळ्याकडे वळलो की पाठ गार पडे. रात्री दारावरून कोणी चपला वाजवत गेलं की मी दिवा फुंकून टाकी. पुस्तकं मी केव्हाच विहिरीत टाकली. ती दुसऱ्यांनी लिहिलेली होती. वही जाळायला मात्र तीनदा चुलीपाशी गेलो, आणि तिन्ही वेळा स्वतःचंच एखादं वाक्य आवडून परत आलो.

रविवारी सकाळी अण्णा नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र न्यायला आले होते. वही माझ्या हातातच होती. तेवढ्यात ओट्यावर बूट वाजले. मी घाबरून ती गादीखाली सरकवली, तर तिचा एक कोपरा बाहेरच राहिला. अण्णांनी कोपऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जाऊन नेमके त्याच्यावर बसले.

हवालदार दोन शिपाई घेऊन आत आला. "मास्तरसाब, तलाशी लेनी हे. सरकार को हुकम हे."

संपलं. आता हे उठणार.

अण्णांचे गुडघे हलले, पण अण्णा उठले नाहीत. हवालदारही थबकला, कारण अण्णांचं उठणं सगळ्या गावाला माहीत. त्यानं पुन्हा सांगून पाहिलं, "थोरली सरकार को हुकम हे." अण्णा बसलेले. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "अंगरेज सरकार को भी हे, अण्णासाब."

अण्णांनी पगडी उचलली, डोक्यावर नीट ठेवली, आणि बसूनच राहिले. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"घुटने, भिया," ते म्हणाले. "आज घुटने नहीं उठते." आवाज इतका बारीक होता की हवालदारालाही कणव आली. त्यानं माझी ट्रंक उपसली, मडकी पालथी केली, इंग्रजी व्याकरणाचं एक पुस्तक संशयानं काखेत मारलं आणि गेला. म्हाताऱ्याला उठवून गादी झटकायचं काही त्याच्या मनात आलं नाही.

अण्णांना खरंच उठता येत नव्हतं. मी पाणी दिलं तर भांडं दातांवर वाजलं. जरा वेळानं त्यांनी वही ओढून काढली. "अक्षर चांगलं आहे तुझं."

"तुम्ही वाचलीत?"

"तू शाळेत गेलास की रोज. तुझ्या मागच्या दाराला कडी कुठाय? चौथं प्रकरण दोनदा वाचलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोटं काही नाही त्यात, मास्तर. भाकरीचं लिहिलंयस तेही खरं. एक तेवढं राहिलं." त्यांनी वही गादीवर ठेवली. "मी लहान होतो, आम्ही तेव्हा धारला होतो. माझा दादा ओट्यावर बसला होता. साहेबाची गाडी आली. सगळे उठले, दादा उठला नाही. त्याला चौकीवर नेलं. बारा दिवसांनी आणून सोडला, पण पुढे तो बोललाच नाही कधी. वर्षाच्या आत गेला."

"का नाही उठले?"

"मला ताप होता रे. तीन रात्रींनी त्याच्या मांडीवर डोळा लागला होता माझा. जाग येईल म्हणून नाही उठला."

त्या दुपारी चौथं प्रकरण फाडून चुलीत घातलं. या वेळी एकही वाक्य आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओट्यावर बसलो होतो. रस्त्यानं डाकवाला ओरडत गेला, "सरकारी लिफाफा हे, बाजू हटो!" अण्णा उठू लागले. गुडघे कालपासून साथ देत नव्हते. हात भिंत शोधत होता. मी हात पुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला, आणि लिफाफा वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघेही उभे राहिलो.