अर्डिथबाईंनी रताळ्यांच्या रक्षणार्थ बंदूक पसंत केली ती हकीकत

मोठ्या राजांच्या मोठ्या लढाया लिहून ठेवणारे बहुत जाहले. परंतु टेक्सासच्या पूर्व मुलखी, लिंडी क्रीक नामे ओढ्याच्या काठी, श्रीमती अर्डिथबाई मोबली यांनी तुटपुंज्या खजिन्यावर आपली पहिली आपोआप भरणारी बंदूक पसंत केली, त्या मोहिमेस कोणी लेखक मिळाला नाही; आणि शेजारीपाजारी ज्यास जे सुचेल ते सांगत सुटले, कोणी म्हणे बाईंनी तोफ आणिली, कोणी म्हणे पलटण उभी केली. यास्तव जे घडले ते तैसेच लिहिले असे. ऐकणारांनी चहात बर्फ घालून स्वस्थ बसावे.

अर्डिथबाई म्हणजे स्वर्गवासी हॉलिस मोबली यांचे कुटुंब. शाळेच्या मुदपाकखान्यात हयात घालविली, आणि त्या मुलखातील निम्मे लोक त्यांच्या हातची मक्याची भाकर खाऊन थोर जाहले. घरामागे रताळ्यांचे शेत होते. दरसाल पानगळीस रताळी निघत, फाटकाशी टेबल मांडून विकली जात, आणि त्यावर घराचा सरकारी कर भागे. ऐसे राज्य सुरळीत चालले असता रानडुकरांनी पुंडाई मांडिली. त्यांचा सरदार एक काळा, थोराड, एका कानाचा डुक्कर होता, आणि त्याची चाल चर्चमधील थोरल्या कारभाऱ्यासारखी संथ, यास्तव लोक त्यास 'डीकन' म्हणत. गतसाली डीकनाने फौजेनिशी येऊन कुल शेत नांगरून खाल्ले. मग त्याच हिवाळ्यात बाईंचा पाय बर्फावरून घसरला आणि उजवे मनगट मोडले. हाड सांधले, परंतु जोर परत आला नाही.

ही खबर लागताच बाईंचे चिरंजीव गारलंड डॅलस शहराहून दाखल जाहले, आणि जेवणाच्या टेबलावर मसलत बसली.

"आई, पुरे झालं आता. जागा विकून टाक. आमच्याकडे खालची खोली रिकामीच पडलीय."

"रिकामी पडलीय म्हणून मला कोंबणार होय रे तिथं?"

"तसं नाही गं! तू एकटी, हाताची ही तऱ्हा, वर ती डुकरं. मला तिकडे झोप लागत नाही."

पोराच्या डोळ्यांखाली खरेच काळे जाहले होते. ते पाहून बाईंचे मन कचरले. मग उभयतांमध्ये तह ठरला, तो ऐसा की, यंदाही रताळी गेली तर बाईंनी मुकाट्याने डॅलसास कूच करावे. आणि रताळी हाती आली तर गारलंडाने हा विषय पुन्हा तोंडातून काढू नये. मग पीच-पाय नामे फळांचे गोड पक्वान्न खाऊन तहावर शिक्कामोर्तब जाहले.

स्वर्गवासी हॉलिस यांची जुनी बंदूक घरी होती. परंतु तिची रीत ऐसी की, एक बार काढिला की दांडा उचलून मागे ओढावा, पुढे लोटावा, तेव्हा दुसरी गोळी नळीत बसे. भेंडीचा हंगाम जोरावर असता एके सायंकाळी डीकन रताळ्यांच्या वेलांत शिरला. बाईंनी बार काढिला, तो चुकला. मग दांडा उचलू गेल्या, तो मनगटातून ऐसी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. डीकनाने त्यांजकडे पाहिले, आणखी एक वेल उपटला, आणि सावकाश चालत झाडीत गेला. ते समयी अर्डिथबाई पायरीवर बसल्या, आणि डॅलसास नेण्याच्या सामानात बिडाचा तवा मावेल की नाही, हा विचार त्यांच्या मनात प्रथम आला. तो विचार आला याचाच त्यांस इतका संताप आला की त्या उठल्या आणि नवी बंदूक घेण्याचा हुकूम त्यांनी स्वतःस केला.

बंदूक ऐसी हवी की चाप ओढावा, गोळी सुटावी, आणि पुढील गोळी आपोआप येऊन बसावी. खजिना पाहिला तो सहाशे डॉलर. गोधड्या विकून जमविलेले. त्यात बंदूक, त्यातच काडतुसे, आणि कर्ज काढणे नाही.

खबर फुटण्यास उशीर लागला नाही. बाईंचे धाकटे दीर रॉइस मोबली, हे शिकारीच्या गोष्टींत महापराक्रमी आणि शिकारीत मध्यम, आपल्या गाडीत बसून हजर जाहले. सोबत आपली जुनी आपोआप भरणारी बंदूक, अक्रोडी दस्त्याची, तेल लावून लखलखीत, गादीवर निजवून आणिली.

"वहिनी, दुकानात कशाला पैसे उधळता? ही घ्या. घरच्या घरात. पाचशेला देतो, दुसऱ्याला सातशेला पण दिली नसती."

"आधी चालवून बघते, भावजी."

"चालवायचं काय त्यात? लोण्यासारखी चालते!"

मग रॉइसच्या कुरणात मातीच्या बंधाऱ्यासमोर भोपळा ठेवून परीक्षा आरंभिली. पहिला बार उत्तम. दुसरा बार उत्तम. तिसऱ्यास काडतूस तोंडाशी अडकले. रॉइसने काडतुसास दोष दिला. मग ते काढून बाई पुन्हा बार काढू गेल्या, तो पुन्हा अडकले. तेव्हा हवेतील दमटपणास दोष दिला. पुढे आणखी अडकले, तेव्हा वहिनींच्या उभे राहण्यास दोष दिला. बाईंनी बंदूक गादीवर परत निजविली आणि म्हणाल्या, "भावजी, डीकन काही थांबून राहणार नाही हो, तुमचं लोणी वितळेपर्यंत." रॉइस रुसून निघून गेले, आणि रविवारी चर्चमध्ये दोन बाकडी मागे बसले.

बाईंस वाईट वाटले. हॉलिस गेल्यावर छपराची गळती याच दिराने न बोलावता येऊन बुजविली होती. परंतु मसलतीत भीड धरली तर राज्य जाते, हे जाणून त्या एकट्याच जवळच्या शहरास रवाना जाहल्या आणि डेल्फीन गिडरी या मातबर बाईच्या शस्त्रागारात प्रवेश केला.

तेथील थाट काय वर्णावा! भिंतभर बंदुका. एकीची किंमत ऐसी की तीत बाईंची गाडी आली असती. एक जुन्या पलटणीतून उतरलेली, लाकडी दस्त्याची, दिसण्यात भारदस्त. बाईंचे मन तिजवर गेले, कारण तसा दस्ता हॉलिसना आवडता. डेल्फीनबाईंनी ती हाती दिली आणि स्वस्थ उभ्या राहिल्या. तिची पहिली गोळी नळीत भरण्याची मूठ उजवीकडे होती. अर्डिथबाईंनी ओढून पाहिली, आणि ओठ चावला.

"कुठलं मनगट?" डेल्फीनबाईंनी विचारले.

"उजवं. पण होईल सवयीनं."

"अहो ताई, सवय मनगटाला लागते, मोडलेल्या हाडाला नाही. ही धरा बघू."

ती एक साधी, काळी, नुसती बंदूक होती. नक्षी नाही, लाकूड नाही. परंतु दस्ता मागेपुढे सरकून बाईंच्या आखूड हातास बेताचा बसला. वजन हलके. आणि भरण्याची मूठ मागे मधोमध, ती डाव्या हाताने ओढिता आली. बाईंनी एकदा ओढिली, मग उगीच पुन्हा ओढिली, आणि हसल्या.

इतक्यात दाराची घंटा वाजली आणि रॉइस मोबली आत आले. रुसवा घरी ठेवून आले होते, कारण वहिनी एकटी फसेल ही काळजी त्यांस बसू देईना. त्यांनी काळ्या बंदुकीस वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"वहिनी, ही तर छत्रीची काडी दिसते! निदान दिवा लावा. लाल किरणाचं ते यंत्र लावा. पुढं धरायला मूठ लावा." ऐसे म्हणत एकेक वस्तू त्यांनी मांडली, आणि किंमत हजारावर गेली.

"भावजी, मला रताळी वाचवायचीत, वरात नाही काढायची!"

दुकानात हशा जाहला. रॉइसही हसले. मग सरकारी चौकशी जाहली. कायद्यापासून पळून आला आहात काय, ऐसा सवाल आला असता बाईंनी विचारिले की, पळायचेच असते तर लिंडी क्रीकास कोण राहिले असते. जबाब मान्य होऊन बंदूक मिळाली, आणि उरल्या खजिन्यात काडतुसांचे खोके आले. नेम धरण्याच्या दुर्बिणीस मात्र काही उरले नाही.

दुसरे दिवशी रॉइस दारी उभे राहिले. आपल्या लाडक्या बंदुकीवरची दुर्बीण त्यांनी स्वहस्ते उतरवून आणिली होती.

"तिला आता कशाला हवी," ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "तिसऱ्या गोळीच्या पुढं काही दिसतच नाही तिला."

बाईंनी त्यांस बसवून केळ्यांची खीर वाढिली. मग उभयतांनी भोपळे मांडून दुर्बीण जुळविली, आणि बाई रोज सराव करू लागल्या, तो हात स्थिर जाहला.

रताळी काढणीस आली ते समयी डीकनाने अखेरची चढाई केली. ऊन कलले होते. प्रथम पिलावळ आली, मागून खासा सरदार. बाई पायरीवर बसून, कोपर गुडघ्यावर टेकून, श्वास रोखून होत्या. पहिला बार काढिला. माती उडाली. चुकला! डीकनाने मान वर करून, मागील खेपेसारखेच, निवांत त्यांजकडे पाहिले. परंतु या वेळी मधे दांडा नव्हता, कळ नव्हती. दुसरा बार खांद्यामागे बसला आणि सरदार वेलांतच आडवा जाहला. बाकी फौज चहूकडे उधळली, ती पुढे क्रीकच्या पलीकडेच राहिली. मग बाईंनी रॉइसला फोन केला. डुकराचे मांस रॉइसच्या धुराच्या भट्टीत शिजून चर्चभर वाटले गेले.

मग गारलंड काढणीस आले. टोपल्या भरून ओसरीवर रचल्या होत्या. त्यांनी त्या पाहिल्या, आईकडे पाहिले, घराचा विषय काढावयास तोंड उघडले, आणि तह आठवून मिटले. मग हळूच म्हणाले, "आई, ती बंदूक मी चालवून बघू का गं एकदा?"

"बघ की. आधी ते डुकरांचे खड्डे बुजव. फावडं तिकडं आहे."

येणेप्रमाणे गारलंड मोबली यांनी फावडे घेतले, सूर्य मावळेतो खड्डे बुजविले, आणि रात्री जुन्या खोलीत ऐसे झोपले की घोरणे अंगणापर्यंत ऐकू आले. मुलूख राखिला, कर भागला, दीर मनाने परत आले. अर्डिथबाई मोबली यांची पूर्ण फत्ते जाहली. ती ज्यांनी खीर खाल्ली आणि ज्यांनी खड्डे बुजविले, त्यांच्या साक्षीने येथे नमूद केली असे.