ओसरीवरचा सरदार

आश्विन वद्य पंचमी, शके १८५७. चुना आदल्या दिवशी भिजवला होता. त्यात नीळ घातली आणि ओसरी रंगवायला घेतली.

भद्रकालीतल्या आमच्या जुन्या घरात शेजारच्या दोन खोल्यांत नाना राहत. कचेरीतून पेन्शनीत निघालेले, आम्ही राहायला यायच्या आधीपासून एकटे. दर दिवाळीला मी कुंचा उचलला, की नाना हात पसरून भिंतीपुढे उभे. "वहिनी, इतिहास पुसाल!"

इतिहास म्हणजे भिंतीवरचा नारळाएवढा तेलकट डाग. गंगेवर आलेला यात्रेकरू दिसला, की नाना त्याला धरून आणत. "इथं पेशव्यांचा सरदार लढाईहून येऊन टेकला!" एका बाईनं तर डागाला कुंकू वाहिलं.

"फेट्यातून तेल कसं लागलं हो?" मी एकदा विचारलं.

"फेटा काढून टेकला."

"आणि इतका बुटका?"

"बसला होता, वहिनी. लढून आलेला माणूस उभा राहील होय?"

यंदा मालकानं घर विकलं. तुळशीचं लग्न झालं, की नवा मालक ते पाडणार. मी दुसरी जागा पाहिली. नानांना कुठे जायचं तेच ठाऊक नव्हतं. पाडायच्या घराला रंग कशाला, असं सगळे म्हणाले. पण लक्ष्मीपूजन त्याआधी येतं, आणि कळकट भिंतीपुढे मी लक्ष्मी मांडत नाही.

या वेळी नाना आडवे आले नाहीत. पायरीवर बसून म्हणाले, "तोही रंगवा."

"सरदाराचा डाग?"

"सरदार कसला! आमची ही. दम्यानं आडवं होता येत नव्हतं. शेवटचा पावसाळा तिनं तिथं डोकं टेकून काढला."

"मग इतकी वर्षं थापा का मारल्यात?"

"सरदाराच्या डागाला कोणी हात लावत नाही. बायकोचा म्हटलं असतं, तर तुम्ही पहिल्याच दिवाळीला पुसला असता."

पुसलाच असता.

"कुदळीनं जाण्यापेक्षा तुमच्या कुंच्यानं जाऊ दे," म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मी चुन्याचा जाड हात दिला. भिंत पांढरीशुभ्र झाली. नाना तिकडे न बघताच आत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर तेल चुन्यातून वर आलं होतं. डाग तिथंच, जरा फिकट. अशा जागी दुसरा हात द्यावा लागतो. बादलीत चुना होता. तो मी तुळशीवृंदावनाला लावून संपवला, कुंचा धुऊन उन्हात टाकला आणि नानांना बाहेर हाक मारली.